मालिकेतले पाप इतके हलके का?



आमच्या घरी संध्याकाळचा हरिपाठ सातला आटोपतो आणि आठाच्या आत टीव्ही लागतो. मधला वेळ जेवणाचा. देवघर आणि टीव्हीची खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे, त्यामुळे मी माळ घेऊन बसलो तरी मालिकांतली भांडणे कानावर यायची ती येतातच. चाळीसएक वर्षे नारदांच्या गादीवर उभा राहिलो. आवाज बसला, गुडघ्यांनी साथ सोडली, तेव्हा उपरणे घडी करून ठेवले. तेव्हापासून मीही भिंतीपलीकडे जाऊन बसू लागलो. आधी नातवंडांच्या सोबतीला बसत होतो, पुढे गोष्टीसाठी बसू लागलो. ज्याने जन्मभर लोकांना गोष्टी सांगितल्या, त्याला दुसऱ्याची गोष्ट ऐकायची ओढ असायचीच. म्हणून आधीच सांगतो, मालिका पाहू नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. पाहणारा माणूसच हे लिहितो आहे.

लिहायला कारण झाला माझ्या नातीचा एक प्रश्न. २०२१ साल होते, टाळेबंदीचे दिवस. सप्ताह बंद, वारी बंद, घरातली सगळी माणसे घरात. रात्री साडेदहाला 'देवमाणूस' ही मालिका लागायची आणि आमचे घर त्यापुढे बसायचे. एक खोटा डॉक्टर खेड्यात येतो, गोड बोलून लोकांचा देवमाणूस होतो, आणि पैशासाठी बायांचे जीव घेतो, अशी ती कथा. सातारा जिल्ह्यात वाईकडे २०१६ साली उघडकीस आलेल्या खून-प्रकरणावर ती बेतलेली होती. एका रात्री मालिका संपल्यावर नात माझ्याजवळ सरकून म्हणाली, "आबाजी, हा माणूस इतका वाईट आहे, तरी मला तोच काऊन आवडते?"

मुलीने खरे विचारले होते. पण मी उत्तर दिले ते गादीवरच्या सवयीने. म्हणालो, "थांब बाळा. शेवटी त्याचे वाईटच होईल. केले ते भरल्याशिवाय कोणी सुटत नाही."

ऑगस्टात पहिले पर्व संपले. डिसेंबरात दुसरे पर्व सुरू झाले आणि डॉक्टर पुन्हा हजर. नात माझ्याकडे पाहून हसली. "आबाजी, तुमचा शेवट कुठे गेला?" पुढे २०२५ साली तिसरे पर्व आले, त्याचे तर नावच 'मधला अध्याय'. ज्या पोथीला शेवटचा अध्यायच नाही, तिची फलश्रुती सांगायला निघालेला मी कीर्तनकार त्या दिवशी उघडा पडलो. तेव्हापासून या विषयाचे चिंतन मनात चालू आहे.

प्रथम मला वाटले, दोष इतकाच की मालिकेत पाप्याला शिक्षा होत नाही. पुष्कळ लोक असेच म्हणतात. पण थोडे थांबून पाहिले तर तसे नाही. मालिकांत शिक्षा वरचेवर होते. खलनायिकेच्या श्रीमुखात बसते, कारस्थान उघडे पडते, पोलीस येतात, घराबाहेर काढतात, अपघात होतो. सोमवारी शिक्षा झाली की बुधवारी ती व्यक्ती पुन्हा उंबरठ्यावर उभी असते, हातात नवे कारस्थान घेऊन. जुन्या पापाचा डाग तिच्या अंगावर नसतो आणि ज्यांच्यावर ते पाप झाले त्यांच्याही अंगावर नसतो. विषप्रयोगातून वाचलेली सून चौथ्या दिवशी हळदीकुंकवाला त्याच हाताचे सरबत घेते. शिक्षा झाली, पण पाप कुठे गेले ते कळत नाही. ते कोणाच्याच डोक्यावर राहत नाही. म्हणून ते हलके होते, आणि हलके झालेले पाप पाहणाऱ्याला गोड लागते.

मी नातीला एकदा विचारले, त्या डॉक्टरने मारलेल्या बायांची नावे सांग. तिला एक नाव धड आठवेना. डॉक्टरचे हसणे, बोलणे, चालणे मात्र ती हुबेहूब करून दाखवी. सरू आजीच्या म्हणीही तिला पाठ. वाचकहो, तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. तिला तो आवडत होता, कारण मालिकेने तिला त्याच्याच शेजारी बसवले होते. मेलेल्या बाईच्या घरात त्या रात्री चूल पेटली का, तिच्या लेकराला कोणी जेवू घातले, हे पाहायला मालिका थांबली असती तर माझी नात तिथे थांबली असती. मुलगी वाईट नव्हती. गोष्टीने तिला जिथे नेले नाही तिथे ती गेली नाही, इतकेच.

असे का होते, याचा मी माझ्या परीने विचार केला. कीर्तनकार गादीवर उभा राहतो तेव्हा त्याला ठाऊक असते की दोन तासांनी मंगल आरती व्हायची आहे. निरूपणाचा अभंग घेतला, दृष्टांत सुरू केला, की शेवट त्याच्या हातात असतो. अजामिळाचे पाप वर्णन करतानाच त्याला शेवटचा नामोच्चार दिसत असतो. मालिकेचे तसे नाही. आठवड्यातून पाच-सहा रात्री, अर्ध्या तासात जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटांची गोष्ट, वर्षाला तीनशेच्या आसपास भाग, आणि शेवट कधी ते लिहिणाऱ्यालाच माहीत नाही. दर गुरुवारी प्रेक्षकसंख्येचे आकडे येतात. आकडे चढले तर गोष्ट लांबते, पडले तर गुंडाळते. अशा ठिकाणी खलनायकाला खरा पश्चात्ताप झाला तर गोष्ट बंद पडेल. शहाणा झालेला खलनायक वाहिनीला परवडत नाही. त्या लिहिणाऱ्यांची मला कीव येते. आमच्यातला एखादा नामांकित कीर्तनकारही जर रोज रात्री, वर्षाला तीनशे वेळा, तीच कथा पुढे ढकलत सांगायला बसला, तर त्याच्याही मुखातून हेच निघेल.

याची उघड साक्ष संतचरित्रावरच्या मालिकेत मिळते. तुकोबारायांवरची 'तू माझा सांगाती' ही मालिका २०१४ ते २०१८ अशी चालली. चिन्मय मांडलेकरांनी तुकोबांचे काम मनापासून केले, आणि ज्या घरात कधी गाथा उघडली नाही त्या घरात तुकोबा पोचले, हे उपकार मी विसरत नाही. पण मंबाजीबुवाचे काय झाले पाहा. परंपरेत मंबाजीचा प्रसंग एका एकादशीचा आहे. प्रदक्षिणेच्या वाटेवरचे काटे तुकोबांनी बाजूला केले, मंबाजीने त्यांना काटेरी फोकाने मारले. रात्री कीर्तनाला मंबाजी आले नाहीत हे तुकोबांच्या ध्यानात आले. ते स्वतः त्याच्या घरी गेले, मारताना तुमचे हात दुखले असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. मंबाजी खाली मान घालून कीर्तनाला आला. मारापासून खाली घातलेल्या मानेपर्यंत एकच दिवस. सांगायला अर्धा तास पुरतो. मालिकेला मात्र मंबाजी वर्षानुवर्षे हवा असतो, आणि तोही मान वर असलेला. त्यामुळे तुकोबांची क्षमा जिथे पोचायला हवी तिथे ती पोचू शकत नाही. क्षमा झाली आणि समोरचा जसाच्या तसा राहिला, असे शंभर वेळा दिसले की पाहणाऱ्याला क्षमा म्हणजे भोळेपणा वाटू लागतो. हा मोठा तोटा आहे.

उलट रामेश्वरभट्टांचे चरित्र आठवा. वाघोलीच्या या पंडितांनी तुकोबांना अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. तेरा दिवस तुकोबा काठावर अन्नपाण्याविना पडून राहिले. पुढे भट्टांच्या अंगाचा दाह झाला, तो कशाने शमेना, आणि तुकोबांच्याच शब्दांनी शमला, असे आपण सांगतो. कित्येक कीर्तनकार दाहाचे वर्णन फार रंगवतात, मीही रंगवले आहे. श्रोत्यांना ते आवडते. पाप्याचे अंग भाजताना पाहायला माणसाला बरे वाटते. पण त्या कथेचा जीव दाहात नाही. भट्ट पुढे तुकोबांचे अनुयायी झाले, आणि आपण देवळात तुकोबांची जी आरती म्हणतो ती त्यांचीच रचना मानली जाते. ज्याने शब्द बुडवले त्याचेच शब्द आपण रोज ओठांवर घेतो. आणि आरती म्हणतो म्हणून वह्या बुडवल्याचे विसरत नाही, तेही सांगतोच. पाप लपवले नाही, आणि माणूसही फेकून दिला नाही. माझ्या मते कर्माचे फळ गोष्टीत दाखवायचे ते असे.

आता थोडे न्यायाने बोलले पाहिजे. सगळ्याच मालिका एका मापाच्या नाहीत.

'रात्रीस खेळ चाले' ही कोकणातल्या नाईकांच्या वाड्याची मालिका. २०१६ साली ती आली तेव्हा तिची सुरुवातच अण्णा नाईकांच्या मृत्यूने होते. माणूस मेला, आणि त्याने केलेले घरात उरले. मुले एकमेकांकडे संशयाने पाहतात, सुना घाबरतात, जमिनीच्या वाटण्यांतून जुनी पापे वर येतात. भुताखेतांचा भाग मला पटला नाही, पण बापाचे कर्म मुलांच्या ताटात कसे पडते हे तिथे बरोबर दिसले. धृतराष्ट्राने डोळ्यांबरोबर विवेकही मिटला आणि शंभर मुले गेली, हे ज्याने ऐकले आहे त्याला हा वाडा ओळखीचा वाटेल. पण २०१९ साली दुसरे पर्व आले ते मागच्या काळात गेले, अण्णा जिवंत असतानाच्या. आता अण्णा आणि शेवंता हेच गोष्टीचे धनी झाले. माधव अभ्यंकर आणि अपूर्वा नेमळेकर यांचे काम इतके चोख की आमच्या वणीच्या बाजारातसुद्धा पोरे अण्णांच्या आवाजात दमदाटी करू लागली. पहिल्या पर्वात जे ओझे होते ते दुसऱ्या पर्वात करमणूक झाले. माणूस तोच, पापे तीच. फक्त आपल्याला बसायची जागा बदलली. आधी आपण मुलांच्या बाजूला बसलो होतो, मग अण्णांच्या बाजूला बसलो.

'माझ्या नवऱ्याची बायको' तर आम्हा विदर्भवाल्यांच्या घरची. राधिका आमच्याकडच्या बोलीत बोलायची, म्हणून बायामाणसांचा तिच्यावर जीव. २०१६ पासून २०२१ पर्यंत ती चालली. त्या काळात सप्ताहात मी रात्रीचे कीर्तन आठला सुरू करायला नको म्हणू लागलो, कारण आठला राधिका असायची आणि पुढची जाजमे रिकामी राहायची. नवऱ्याने बाहेर संबंध ठेवला, तेव्हा राधिका रडत बसली नाही, मसाल्याचा धंदा उभा केला. आमच्या गल्लीतल्या दोन बायांनी तिचे पाहून पापड-मसाल्याचे काम धरले, हे मी डोळ्यांनी पाहिले. चांगुलपणा म्हणजे नुसते सोसणे नव्हे, हे तिने दाखवले. पण गुरुनाथाचे खोटे पकडले जायचे आणि तो पुन्हा नवे खोटे रचायचा. साडेचार वर्षांत त्या माणसाला एक रात्र झोप लागली नाही, एक घास घशाखाली उतरला नाही, असे काही खोलवर दिसले नाही. फजिती पुष्कळ दिसली. फजिती आणि अनुताप यांत फरक आहे. फजिती चार लोकांत होते आणि लोक गेले की संपते. अनुताप एकट्यात होतो आणि माणसाला सोडत नाही.

'आई कुठे काय करते' या मालिकेत मात्र मला एक गोष्ट फार आवडली. अरुंधतीचा संसार मोडून संजना त्याच घरात अनिरुद्धची बायको होऊन आली. तिला कोणी शाप दिला नाही, पोलिसांनी धरले नाही. ती फक्त अरुंधतीच्या जागी उभी राहिली, आणि अरुंधतीला त्या घराने जे दिले ते तिच्या वाट्याला येऊ लागले. तीच अवहेलना, तोच नवरा. वाचकहो, कर्मफळ म्हणून आपण जे सांगतो ते बहुतेक वेळा असेच येते. आकाशातून वीज पडत नाही. आपण दुसऱ्याला जिथे उभे केले तिथे एक दिवस आपणच उभे असतो, आणि तेव्हा कळते. ही मालिका २०१९ ते २०२४ अशी पाच वर्षे चालली, पुढे तीही ताणली गेलीच. पण तेवढा भाग लिहिणाऱ्याने जीव ओतून लिहिला होता.

इथे कोणी म्हणेल, "बुवा, मालिका करमणूक आहे. आणि खऱ्या जगात तरी पाप्याला शिक्षा कुठे होते? सज्जनच भोगतात. मग मालिकेला कशाला बोल लावता?"

हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर देण्याआधी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. ती आजवर मी गादीवरून कधी सांगितली नाही.

२००६ साल होते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात त्या काळी काय चालले होते ते तुम्हांला सांगायला नको. कापसाने दगा दिला, सावकाराने तगादा लावला, आणि घरोघरचे कर्ते पुरुष विषाचा डबा जवळ करीत होते. त्याच वर्षी जुलैत विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्याआधीची गोष्ट, उन्हाळा लागत होता. वणी तालुक्यातल्या एका गावात अशाच एका शेतकऱ्याच्या वर्षश्राद्धाला मला कीर्तनाला बोलावले. मंडप लहान, माणसे थोडी, समोर त्याची बायको आणि दोन लेकरे. मी कर्मसिद्धान्त लावला. संचित, प्रारब्ध, क्रियमाण यांचा उलगडा केला. पेरावे तसे उगवते, ज्याचे त्याला भोगावेच लागते, देवही त्यात हात घालीत नाही, असे आवेशाने सांगितले. टाळकऱ्यांनी चांगली साथ दिली. माझ्या मते कीर्तन रंगले होते.

आरती झाली, बाई पाया पडायला आली. वाकली आणि वाकल्या वाकल्याच म्हणाली, "महाराज, पेरलं तसं उगवते म्हनता. आमच्या यायनं काय पेरलं होतं जी? सरकीच तं पेरली होती."

ती रागाने बोलली नाही. खरोखर विचारत होती. तिला माझ्याकडून उत्तर हवे होते, कारण महाराजांना माहीत असणार असा तिचा विश्वास होता. मला एक अक्षर सुचले नाही. मी "माउली, देव पाहतो" असे काहीतरी पुटपुटलो आणि गाडीत बसलो. रस्ताभर कोळशाचे ट्रक समोरून येत होते, त्यांच्या उजेडात मृदंगाचार्याचा चेहरा दिसे. तोही माझ्याशी बोलला नाही.

मी काय केले होते? एका माणसाच्या मरणाचा हिशेब दोन तासांत जुळवून दिला होता. त्याच्या पदरी पाप टाकले, म्हणजे हिशेब पुरा झाला. ज्यांच्यावर ते मरण पडले ती तिघे समोर बसली होती, त्यांच्याकडे मी पाहिलेच नव्हते. आज मी मालिकेला जो दोष देतो आहे, तो मी नारदांच्या गादीवर उभा राहून केला होता. मालिका पापाचे ओझे कोणावरच ठेवत नाही, आणि मी ते ज्याचे नव्हते त्याच्यावर ठेवले. कर्मसिद्धान्त खोटा आहे असे मी म्हणत नाही. तो स्वतःकडे पाहण्यासाठी दिलेला आहे. दुसऱ्याच्या दुःखाला प्रारब्ध म्हणून मोकळे होणे सोपे असते, आपल्या क्रियमाणाकडे पाहणे अवघड. त्या मंडपात क्रियमाण माझे होते, आणि ते मी चुकवले होते.

पुढच्या वर्षी मी न बोलावता त्या गावी गेलो. तिच्या ओसरीवर बसून, टाळ-मृदंगाविना, चोखोबांची कथा सांगितली. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालले होते. राबणाऱ्यांवर कूस कोसळली आणि चोखोबा खाली गाडले गेले. त्यांनी काय पेरले होते? नाम पेरले होते. इतकी भक्ती, आणि मरण असे. आपल्या परंपरेने त्यांच्या मरणाला पाप चिकटवले नाही. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातून हाडे वेचली, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून ओळखली, आणि ती पंढरीला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. जो जिवंतपणी देवळात जाऊ शकला नाही, त्याच्या समाधीवर माथा टेकून आज आपण आत जातो. तुकोबांची पहिली पत्नी आणि मुलगा दुष्काळात गेले, तेव्हाही त्यांनी काय केले होते असे आपण विचारत नाही. बाई ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे यायचं काही चुकलं नव्हतं." मी म्हणालो, "नाही माउली. चुकलं ते माझं."

तेव्हा त्या आक्षेपाला माझे उत्तर असे. सज्जनाला सुख आणि दुर्जनाला शिक्षा हा हिशेब शेवटच्या भागात जुळवून द्या, असे मी मालिकेकडे मागत नाही. तो जगात जुळत नाही आणि संतचरित्रांतही जुळत नाही. तो जुळवायला गेले की माझे झाले तसे होते. मी मागतो ते एवढेच, की केलेले कर्म कुठे तरी पडू द्या. ज्याच्यावर पडले त्याच्या घरी दोन क्षण थांबा. करणाऱ्याला त्याची आठवण राहू द्या. आणि कोणी बदलला तर त्याला बदललेला राहू द्या, आकड्यांसाठी पुन्हा बिघडवू नका. ज्ञानोबारायांनी पसायदान मागितले तेव्हा दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातले वाकडेपण जावे आणि त्यांना सत्कर्माची आवड लागावी असे मागितले. ज्या गोष्टीत कोणी बदलूच शकत नाही, ती गोष्ट या मागण्याच्या उलट दिशेने चालली आहे, मग तिच्यात शेवटी कितीही फाशी दाखवा.

आणि वाहिनीवाले माझे ऐकणार नाहीत हे मला कळते. म्हणून माझे खरे मागणे तुमच्याकडे आहे. मालिका पाहाल तेव्हा संपल्यावर घरातल्या पोराबाळांना एकच विचारा, "आज जे झाले ते कोणाच्या डोक्यावर पडले?" उत्तर आले तर ती गोष्ट चांगली. उत्तर आले नाही तर आपण सगळे मिळून ते शोधावे. कीर्तनकार माउलींनाही माझी विनंती आहे, दृष्टांत संपवण्यापूर्वी समोर कोण बसले आहे ते पाहा.

माझी नात आता कॉलेजात जाते. परवा एका नव्या मालिकेत कोणा खलनायिकेने कोणाला तरी जिन्यावरून ढकलले. घरातले सगळे पुढे काय म्हणून पाहत होते. नात म्हणाली, "आबाजी, हिच्या आईला कोणी सांगतलं की नाही अजून?" कोणी सांगितले नव्हते. त्या आठवड्यात मालिकेने ते दाखवलेही नाही. पण आमच्या घरात त्या न दाखवलेल्या आईविषयी जेवण होईपर्यंत बोलणे चालले होते. टीव्ही चालूच होता. भिंतीपलीकडे देवघरातली समई त्या दिवशी उशिरा शांत केली.

रामकृष्णहरि.